मासोळी

आमच्या सोसायटीत एक छोटूकाका आहेत. वय 74, उंची सहा फूट, आवाज असा की लिफ्टच्या आधी तोच चौथ्या मजल्यावर पोचतो. लहानपणी चिकटलेलं नाव सुटलं नाही ते नाहीच. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाचा फुटबॉलपटू कार्लोस रुईझ, त्याचंही तसंच. या स्ट्रायकरला तिकडे सगळे ‘एल पेस्कादितो’ म्हणतात. पेस्कादितो म्हणजे छोटा मासा. आपण मासोळी म्हटलं असतं.

मासोळी चपळ होती. 2002 साली तो लॉस एंजेलिस गॅलक्सी या अमेरिकन क्लबात आला आणि पहिल्याच मोसमात लीगमध्ये 24 गोल करून बसला. अंतिम सामन्यात नव्वद मिनिटं कोरडी गेली, जादा वेळही सरत आला, तेव्हा 113व्या मिनिटाला यानेच गोल मारला. गोल्डन गोलचे दिवस होते ते, गोल झाला की खेळ खलास. यजमान न्यू इंग्लंडवाले बघतच राहिले. धक्का लागतो न लागतो तोच कोसळण्यातही पठ्ठ्या पटाईत, म्हणून बचावपटू त्याच्या नावाने बोटं मोडायचे. मला असले लबाड स्ट्रायकर आवडतात, काय करणार.

पण त्याचं खरं खातं वेगळ्याच वहीत आहे. वर्ल्डकपच्या पात्रता सामन्यांत 39 गोल! आणि हा माणूस वर्ल्डकप एकदाही खेळला नाही, कारण ग्वाटेमालाच तिथवर कधी पोचली नाही. पंगतीत वाढायला सगळ्यांच्या पुढे, आणि स्वतःसाठी पानच मांडलेलं नाही.

12 ऑक्टोबर 2005 ला, 2006 च्या वर्ल्डकपच्या पात्रतेत, घास अगदी तोंडाशी आला होता. ग्वाटेमालाने कोस्टा रिकाला 3-1 हरवलं, आपलं काम चोख केलं. आता त्रिनिदादने तेवढं मेक्सिकोला हरवू नये, म्हणजे प्लेऑफ, पात्रतेची शेवटची लढत, नक्की. मेक्सिकोने आधी गोल केलाही. मग त्रिनिदादच्या स्टर्न जॉनने दोन मारले आणि सगळं मुसळ केरात. दुसऱ्यांच्या सामन्यावर जीव टांगून बसणं काय असतं, हे रनरेटची आकडेमोड करत मोठं झालेल्या आपल्याला कुणी सांगायला नको.

2018 च्या वर्ल्डकपच्या पात्रतेत, 2016 च्या मार्चमध्ये ग्वाटेमालाने अमेरिकेला 2-0 लोळवलं, त्यातला दुसरा गोल रुईझचा. तरी सप्टेंबरपर्यंत आशा संपली होती. 6 तारखेचा सेंट व्हिन्सेंटविरुद्धचा सामना नुसता उरकायचा होता. नऊ दिवसांनी रुईझला 37 पूर्ण होणार होती आणि देशासाठी हा शेवटचा खेळ. त्यात त्याने पाच गोल केले. निकाल 9-3. पात्रता सामन्यांतल्या गोलांचा इराणच्या अली दाईचा 35 चा विक्रम मागे पडला, आणि ग्वाटेमाला गटात एका गुणाने मागे राहिली. पुढे कोण? पुन्हा त्रिनिदाद.

2025 मध्ये रोनाल्डोने 39 चा आकडाही ओलांडला. तो तोवर पाच वर्ल्डकप खेळून झाला होता.

हे सगळं मी छोटूकाकांना लिफ्टची वाट बघताना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग ते त्रिनिदादवाले 2006 च्या वर्ल्डकपला जाऊन काय करून आले?”

“तीन सामने खेळले. स्वीडनशी शून्य-शून्य, बाकी दोन हरले.”

“गोल किती?”

“एकही नाही.”

“एकही नाही?” काका एवढ्या जोरात म्हणाले की वरून कुणीतरी लिफ्ट सोडली.