शंकू मिळाला, पण फोकस अल्कट्राझवर

मिळाला! लढाऊ विमान ध्वनीच्या वेगाजवळ पोचलं की त्याच्याभोवती क्षणभर उमटतो तो बाष्पाचा शंकू. शनिवारी पाच फ्रेम, त्यांतल्या तिनांत शंकू पांढराशुभ्र, मागची कड सुरीनं कापल्यासारखी. आणि पाचही फ्रेममध्ये विमान धूसर. रेखीव आलाय तो मागचा अल्कट्राझ, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं जुन्या तुरुंगाचं बेट, तुरुंगाच्या खिडक्या मोजून घ्याव्यात इतका. रात्रभर झोप लागली नाही.

जागा नेहमीचीच, खाडीकाठच्या फोर्ट मेसनचा उतार. अमेरिकी नौदलाच्या ब्लू एंजल्स या हवाई कसरतींच्या पथकाचं सहा नंबरचं विमान स्नीक पासला (पाण्यालगत अचानक भरधाव येतं तेव्हा) ताशी सुमारे ७०० मैल गाठतं, म्हणजे सेकंदाला ३१३ मीटर. उड्डाणरेषा प्रेक्षकांपासून १,५०० फुटांवर. आवाज कानावर येईपर्यंत विमान चारशे मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणून कानांवर विसंबायचं नाही.

हवा या वेळी मस्त जमली होती: तापमान १७, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) १४ अंश. पंखावरची हवा क्षणभर माख १.१ ला, म्हणजे ध्वनीच्या १.१ पट वेगाला गेली, तरी माझ्या हिशोबानं ती १५ अंशांहून जास्त थंड होते आणि वाफेचे थेंब बनतात, तोच शंकू. पुढे आघात-तरंगापाशी (दाबाच्या अचानक उडीपाशी) दाब आणि तापमान एकदम चढतं, थेंब विरतात. ती सुरीची कड म्हणजे तोच तरंग. अमेरिकी नौदलातल्या जॉन गे यांचा ७ जुलै १९९९ चा हॉर्नेट लढाऊ विमानाचा फोटो अजून ‘ध्वनीची भिंत फोडताना’ म्हणून फिरतो, म्हणून नव्या मंडळींसाठी पुन्हा: शंकू माख १ च्या आतही बनतो. सहा नंबरचं विमान माख ०.९२ च्या आसपासच असतं.

आता फोकसचं दुखणं. कॅमेऱ्याची विमान-ओळख (विमान शोधून त्यावर आपोआप फोकस धरणारी सोय) चालू होती. शंकू नसतो तोवर कॅमेरा कॉकपिट घट्ट धरतो. शंकू उमटला की विमानाचा मधला भाग मऊ पांढऱ्यात बुडतो आणि फोकस ठळक रेघा शोधत मागे पळतो. मागे तुरुंग. ट्रॅकिंगची संवेदनशीलता अगदी खाली आणली, फोकसचा झोन लहान केला, काही उपयोग नाही. त्यात भाड्यानं आणलेल्या ५०० एमएमच्या लेन्सच्या कॉलरचा स्क्रू ढिला. पुढच्या वर्षी स्वतःचीच लेन्स घेणार. टेलीकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) मात्र कायमचा कपाटात, पाण्यावरची थरथर तेवढी मोठी करून दाखवतो.

रविवारी ऑटोफोकस बंदच केला. साधारण तेवढ्याच अंतरावर थांबलेल्या गस्तीच्या बोटीवर फोकस लावला, रिंगवर टेप चिकटवली. छिद्र एफ ८, शटर १/४००० सेकंद. सेकंदाला २० फ्रेम घेतल्या तरी दोन फ्रेमच्या मध्ये विमान साडेपंधरा मीटर सरकतं, जवळजवळ स्वतःच्या लांबीइतकं. दोन फ्रेम लागल्या. दोन! पायलटचं हेल्मेट दिसतंय आणि शंकू त्याच्या मागूनच उमलतोय. सकाळपासून किती वेळा उघडून पाहिल्या, मोजलं नाही.

पुढच्या ऑक्टोबरलाही हीच पद्धत, असं लिहून संपवणार होतो. त्याआधी शनिवारच्या फ्रेम काढून टाकायला उघडल्या. तिसऱ्या फ्रेममध्ये धूसर विमानाच्या अगदी वर तुरुंगाच्या छताची रेघ मोडलीय. आधी थरथर वाटली, पण बाजूची रेघ सरळ आहे. आघात-तरंगामुळे प्रकाश वाकलाय! नासानं २०१९ मध्ये दाखवलेल्या दोन टी-३८ जेट विमानांच्या आघात-तरंगांच्या चित्रांतही हेच तत्त्व आहे, फक्त तिथं मागे वाळवंट होतं. मग त्यासाठी फोकस मागेच हवा की!

म्हणजे आता दोन कॅमेरे. एक टेप लावलेला विमानासाठी, दुसरा तिवईवर, अल्कट्राझवर रोखलेला, अजिबात न हलवता. विमान यायच्या आधीची रिकामी फ्रेम वजा करता आली पाहिजे, म्हणजे तरंगानं वाकवलेलं तेवढं उरेल. हे वजाबाकीचं काम कुणी केलंय का? तिसरी फ्रेम पूर्ण आकारात पाठवतो.