लिंगुल सापडलं तो दिवस

सुवाळी हे तापीच्या मुखाच्या उत्तरेला, सुरतेजवळ असलेलं किनाऱ्यावरचं लहानसं गाव. या बंदराचा इतिहास मांडणारा भिंतीवरचा नकाशा आम्ही नंदुरबारात करत होतो. बंदराचा नकाशा खानदेशात कशाला, असं आधी काहींनी विचारलं. पण सुवाळीला माल ज्या वाटांनी यायचा त्यातल्या एका मोठ्या वाटेचा बराचसा भाग आपल्याच जिल्ह्यांतून जातो, आणि ती वाट न दाखवता बंदर समजत नाही.

त्या दिवशी हातात विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याची यादी होती. १६१० साली तो सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला आणि मुक्कामाची गावं लिहून ठेवली. नोंदरबार, लिंगुल, सिंदकेरी, टॉलनीर, चुप्रा, रॉड, रावेर. पद्धत सोपी: आधी पक्की गावं टाचणीने लावायची, मग त्यांच्यामध्ये दोरा ताणून उरलेली शोधायची. पूर्ण वाटेसाठी अडीच लाखांत एक प्रमाणाचा नकाशा बरा, एका सेंटीमीटरला अडीच किलोमीटर. एखादं गाव शोधायचं असेल तर मात्र पन्नास हजारांत एकचाच काढावा लागतो.

नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर लगेच लागली. रॉड म्हणजे अडावद. सुरुवातीचा 'अ' परक्या कानाने गाळला. पण दोरा चुकला. आम्ही सुरत-भुसावळ हा तापी व्हॅली रेल्वेमार्ग मनात धरून सगळी वाट दक्षिण तीरानेच आखली होती, आणि थाळनेर तर उत्तर तीरावर. म्हणजे मालाच्या बैलगाड्या शिंदखेड्यापर्यंत दक्षिणेने येत, थाळनेरला तापी ओलांडत आणि पुढे सातपुड्याच्या पायथ्याने चोपडा, अडावद, रावेर करत बुऱ्हाणपूरला जात. दोरा सोडून पुन्हा बांधावा लागला. थाळनेर खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी का झालं असेल, हे नदी ओलांडायच्या त्या उताराकडे पाहिलं की चांगलं कळतं.

लिंगुल राहिलं. नंदुरबार ते शिंदखेडा पट्ट्यात त्या नावाचं काही नाही. आम्ही 'लिंग' धरून देवळांची गावं तपासत बसलो, तासभर वाया गेला. मग एका विद्यार्थिनीने यादी मोठ्याने वाचली आणि 'लिंगुल'ऐवजी तिच्या तोंडून 'लिमगुल' निघालं. लिंब आणि निंब, लिंबू आणि निंबू! निमगुल. दोंडाईच्याजवळचं, शिंदखेडा तालुक्यातलं. टाचणी लावली, दोरा सरळ बसला. त्या क्षणी खोलीत जो आनंद झाला तो मी विसरणार नाही.

नवापूरचा मुक्काम आम्ही ताव्हर्निएच्या वर्णनावरून घातला. सतराव्या शतकातल्या या फ्रेंच प्रवाशाने विणकरांचं गाव म्हणून नवापूर नोंदवलं, आणि तिथल्या तांदळाबद्दल लिहिलं की दाणा निम्माच, पण शिजताना कस्तुरीचा वास येतो.

आता बंदराची बाजू. तापीच्या मुखाशी वाळूचा बांध साचतो, म्हणून मोठी जहाजं सुरतेपर्यंत वर येऊ शकत नसत. सुवाळीला किनारा आणि समुद्रातला वाळूचा दांडा यांच्यामध्ये खोल पाण्याची पट्टी होती, तिथे नांगर टाकता येई. १६११ मध्ये इंग्रज कप्तान मिडल्टनच्या लोकांना ही जागा कळली. १६१२ च्या नोव्हेंबरात तिथेच इंग्रज कप्तान थॉमस बेस्टच्या दोन जहाजांनी पोर्तुगीजांच्या चार मोठ्या लढाऊ जहाजांशी झुंज दिली. १६१५ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो इथे उतरला, ३० ऑक्टोबरला सुरतेहून निघाला आणि १४ नोव्हेंबरला बुऱ्हाणपूरला पोहोचला. पंधरा दिवस.

नकाशावर हंगाम दाखवणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. नैऋत्य वाऱ्यात उघड्या किनाऱ्यावर जहाज उभं राहत नाही, आणि त्याच महिन्यांत आपल्या काळ्या मातीत भरलेली गाडी आसापर्यंत रुतते. पाऊस सरला की दोन्ही एकदम सुटत: इकडे वाटा सुकत, कापूस वेचणीला येई, तिकडे जहाजं लागत आणि सुवाळीच्या वाळूवर वाण्यांचे तंबू व पालं उभी राहत.

तापीतून नावेने माल का नेत नसत, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. खानदेशाच्या सपाटीतून बाहेर पडताना नदी डोंगरात शिरते, खडकांत अडते, म्हणून बैलगाडी. तो भाग नकाशावर आम्ही तिरप्या रेघांनी भरला. निमगुलच्या टाचणीखाली दोन्ही नावं लिहिली, वर फिंचचं, खाली आपलं.