पंच्याऐंशीचा पाढा

आमचे मामा बँकेतून निवृत्त झाले, पण त्यांच्या डोक्यातलं कॅल्क्युलेटर अजून कामावर आहे. गेल्या वर्षी नोकरी बदलल्याचं सांगायला फोन केला, तर पहिला प्रश्न, "पॅकेज किती गं?" म्हटलं, एक लाख डॉलर. दोन सेकंद शांतता. मग, "पंच्याऐंशी लाख! महिन्याला सात लाखांच्या वर. अगं, वर्षाला एक फ्लॅट होईल तुझा नाशकात."

मामा, डॉलरला पंच्याऐंशी रुपये धरले तर तुमचा पाढा बरोबर आहे. पण हा लाख जिथे मिळतो तिथेच खर्चही होतो.

आम्ही नेपरव्हिलला राहतो. शिकागोच्या पश्चिमेला ४५-५० किलोमीटर, वस्ती दीड लाखाची. या गावात घरटी मध्यम उत्पन्नच १,४०,००० डॉलरच्या वर आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त घरांत माझ्यापेक्षा जास्त पैसा येतो. त्यांतल्या बऱ्याच घरांत दोघं कमावतात, आमच्याकडे मी एकटी. नवरा एच-४ व्हिसावर, म्हणजे माझ्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेल्या जोडीदाराच्या व्हिसावर. माझ्या ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या, वाटेवरचा आय-१४० हा अर्ज मंजूर होईपर्यंत त्याला नोकरीची परवानगी मागता येत नाही. इंजिनिअर माणूस सध्या फर्स्टक्लास आमटी करतो.

पगार दर दोन आठवड्यांनी, वर्षातून २६ वेळा. त्यातून केंद्राचा कर, इलिनॉय राज्याचा सरसकट ४.९५ टक्के, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (सरकारी पेन्शन आणि म्हातारपणीचा आरोग्य विमा) ७.६५ टक्के, तिघांचा आरोग्य विमा आणि निवृत्तीसाठीचं ४०१के वजा जाऊन हातात येतात २,७०० डॉलर. महिन्याची सरासरी ५,८५०. वर्षातले दोन महिने तीन-तीन पगार पडतात. त्या महिन्यांची वाट मी दिवाळीसारखी बघते.

दोन बेडरूमचं भाडं २,२००. अर्ध्या तासावर बऱ्याच स्वस्तात मिळेल, मग इथेच का? शाळेसाठी. इथे सरकारी शाळेला फी नाही, हे आपण तिकडे कौतुकाने सांगतो. पण प्रवेश पत्त्यावर मिळतो आणि इलिनॉयमध्ये शाळा मोठ्या प्रमाणात चालते ती घरपट्टीवर. माझ्या ऑफिसातल्या एकांनी पाच लाख डॉलरचं घर घेतलं. त्यांची घरपट्टी वर्षाला दहा हजारांच्या आसपास. जून आणि सप्टेंबर अशा दोन हप्त्यांत भरायची, तीही मागच्या वर्षाची. कर्ज फिटलं तरी घरपट्टी जन्माला पुरते. आम्ही भाडेकरू, तेव्हा ती आम्हाला दिसत नाही, पण घरमालक काही खिशातून भरत नसणार. म्हणजे लेकीच्या किंडरगार्टनची फी मी दर महिन्याला भाड्यातून भरतेच. पावती तेवढी मिळत नाही.

वस्तू स्वस्त आहेत, हे खरं. दुधाचा गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, तीनेक डॉलरला. देशी दुकानात पोह्यांपासून गोडा मसाल्यापर्यंत सगळं मिळतं. किराणा साडेसातशेत बसतो. महाग आहेत ती माणसांची कामं. केस कापायचे तर टिपेसकट तीसेक डॉलर, म्हणून नवऱ्याचे केस मीच बाथरूममध्ये मशीनने कापते. पहिल्यांदा कानामागे एक पट्टा जास्तच उडाला. पठ्ठ्या आठवडाभर व्हिडिओ कॉलवर एकाच बाजूने बसत होता.

खरा धसका दवाखान्याचा. मार्चमध्ये लेक सोफ्यावरून पडली, हनुवटी फुटली, तीन टाके. इमर्जन्सीत दोन तास बसलो आणि घरी आलो. मग पाकिटं यायला लागली: एक हॉस्पिटलचं, एक डॉक्टरांचं वेगळं. बेरीज १,९००. विमा आहे ना? आहे की. पण वर्षाचा पहिला ठरावीक खर्च आपणच सोसायचा, त्यानंतर कंपनी दार उघडणार. हप्ते करून मिळाले, पुढचे दहा महिने १९० डॉलर. टाके कधीच विरघळले.

बाकी फार पाल्हाळ नको. एक गाडी, तिचा हप्ता, विमा आणि पेट्रोल मिळून सातशे. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट, फोन सव्वातीनशे. लेकीचं पोहणं शंभर, बाहेरचं खाणं अडीचशे. भारताच्या तिकिटांसाठी दरमहा चारशे बाजूला, कारण डिसेंबरात तीन तिकिटं काढताना हात थरथरतो.

हे सगळं मी परवा मामांना फोनवर ओळीने सांगितलं. ते मधे मधे "हं, हं" करत होते, पेनचा आवाज येत होता.

"मग महिन्याकाठी उरतं किती?"

"नऊशे-साडेनऊशे. वरचं काही निघालं नाही तर."

थोडा वेळ पेन चाललं. मग मामी आतून काहीतरी म्हणाल्या आणि मामा त्यांना ओरडून सांगताना ऐकू आले, "अगं, सगळा खर्च जाऊन अठ्ठ्याहत्तर हजार उरतात तिला!"