टेस्टिंगच्या रकान्यावरचा ३

मी या सॉफ्टवेअर टीमची अजाइल कोच, म्हणजे थोड्या थोड्या टप्प्यांत काम करायची पद्धत टीमच्या अंगवळणी पाडणारी. रजेवरून परतले, स्टँड-अपला, म्हणजे रोजच्या उभ्या उभ्या होणाऱ्या छोट्या बैठकीला, नेहमीसारखी मागे उभी राहिले आणि बघते तर काय, बोर्डावर 'टेस्टिंग'च्या रकान्यावर निळ्या मार्करने मोठ्ठा ३ काढून भोवती गोल केलेला. हे काय, म्हणून विचारलं. टेस्टिंगवाली म्हणाली, "ते होय ताई? मागच्या रेट्रोत ठरलं आमचं. एका वेळी तीनच स्टोऱ्या. चौथी आणली तर डेव्हलपरनेच टेस्टिंगला बसायचं." आणि लगेच पुढच्या कार्डाकडे वळली. (रेट्रो म्हणजे झालेल्या कामाच्या आढाव्याची बैठक, आणि स्टोरी म्हणजे कामाचा एक छोटा तुकडा.)

बास, एवढंच झालं.

पावसाळ्यापासून मी हेच सांगतेय. सांगतेय म्हणजे तरी काय, कोचने सांगायचं नसतं, विचारायचं असतं. "काम नेमकं कुठे तुंबतंय असं वाटतं?" असं विचारून तोंड मिटून बसायचं, आणि ते तोंड मिटून बसणंच सगळ्यात अवघड. क्युम्युलेटिव्ह फ्लोचा, म्हणजे कुठल्या टप्प्यात किती काम साठलंय त्याचा, आलेख छापून भिंतीवर लावला, टेस्टिंगचा पट्टा कसा फुगत जातो ते दिसावं म्हणून. डेव्हलपर रिकामा दिसायला नको म्हणून नवी स्टोरी उचलतो, आधीच्या टेस्टिंगच्या दारात पडून राहतात, आणि स्प्रिंटच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या कामाच्या फेरीच्या, शेवटी ही पोरगी एकटी रात्री जागते. एवढं करून जे उरतं ते स्पिलओव्हर, पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकललेलं. तेव्हा सगळ्यांनी नुसतं 'हं' केलं. आणि मी जरा माहेरी जाऊन येते तर ठरवूनसुद्धा मोकळे!

वाईट वाटलं. रेट्रो माझ्याशिवाय घेतली म्हणून? छे, घ्यायलाच हवी होती. मग? "तुम्ही म्हणत होतात ना," एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर काय बिघडलं असतं? एवढ्याशा वाक्यासाठी दिवसभर झुरायचं, या वयात? पण झुरले.

तसं माझं नाव आहे तरी कुठे? स्क्रम ही अजाइलचीच एक पद्धत, तिच्या नियमपुस्तिकेत, स्क्रम गाइडमध्ये, जबाबदाऱ्या तीनच: प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर, डेव्हलपर्स. २००१ साली युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी मिळून अजाइल मॅनिफेस्टो, म्हणजे अजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यातही कोच नाही. २०२३च्या जानेवारीत अमेरिकेत कॅपिटल वन बँकेने अजाइलची १,१०० हून जास्त पदं एकदमच काढून टाकली, तेव्हापासून पोटात एक खड्डा आहेच. घराचा हप्ता, त्यात ह्यांचं ते... जाऊ दे, तो विषय आज नको.

गरज सरो, वैद्य मरो, असं चिडून मनात म्हणत हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अप्रेझलचा फॉर्म उघडला. संदर्भाला म्हणून या टीमशी सुरुवातीला केलेलं कोचिंग ॲग्रीमेंट काढलं. 'कोचने बाहेर कधी पडायचं?' उत्तर: टीम आपले कामाचे नियम कोचला न विचारता बदलू लागली की. ड्राफ्ट माझाच. कॅबवाल्याने आरशातून बघितलं, इतक्या मोठ्याने हसले.

सल गेली असं नाही, खोटं कशाला बोलू. पण फॉर्ममध्ये 'तुमचं ठोस योगदान' असा रकाना आहे, त्यात काय लिहायचं? 'टीमने निर्णय घेतला तेव्हा मी गैरहजर होते'? डिलिव्हरी हेडना तर दोन टीमची व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पुरे केलेले स्टोरी पॉइंट, शेजारी शेजारी हवी असते. स्टोरी पॉइंट, म्हणजे काम किती मोठं त्याच्या अंदाजाचे आकडे, ज्या त्या टीमचे आपापले, एकीचे ८ म्हणजे दुसरीचे ३ असू शकतात, हे सांगून माझा घसा बसला. शेवटी लिहिलं: 'टीम आता हातातल्या कामाची मर्यादा स्वतः ठरवते. टेस्टिंगची जागरणं थांबली का, ते पुढच्या एकदोन स्प्रिंटमध्ये कळेल.' यावर रेटिंग काय मिळणार ते दिसतंच आहे.

उद्यापासून पेमेंट्सवाल्यांकडे. तिथला १५ मिनिटांचा स्टँड-अप पाऊण तास चालतो, सगळे मॅनेजरकडे तोंड करून हजेरी देतात आणि तो प्रत्येकाला "ओके, नेक्स्ट" म्हणतो. तिथे माझ्यावाचून काही अडणार नाही, असं म्हणायची वेळ इतक्यात तरी येत नाही.