मधमाशीला वास शिकवताना

शृंगिकांना, म्हणजे डोक्यावरच्या दोन मिशांना, साखरेचं पाणी लागलं की भुकेली मधमाशी सोंड बाहेर काढते. हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्या साखरेच्या जरा आधी दर वेळी एकच वास दिला, तर दोन-तीन फेऱ्यांत नुसत्या वासावर सोंड बाहेर येऊ लागते. पावलोव्हने कुत्र्यावर दाखवलेलं अभिसंधान ते हेच, फक्त इथे ते जेमतेम एक घन मिलिमीटरच्या, दहा लाखांहून कमी चेतापेशींच्या मेंदूत घडतं. जपानमध्ये कुवाबारा यांनी १९५७ साली रंग वापरून आणि ताकेदा यांनी १९६१ साली वास वापरून हे करून पाहिलं. १९८३ साली बिटरमन, मेंझेल आणि सहकाऱ्यांनी पद्धत नीट बसवून दिली आणि ती आजही फारशी बदललेली नाही.

या प्रयोगात सगळा जीव वेळेत आहे. वास आणि साखर यांच्यातलं अंतर, आणि एका फेरीपासून दुसऱ्या फेरीपर्यंतचं अंतर. ही दोन अंतरं ढिली पडली की हाती आलेला आकडा कशाचा हेच सांगता येत नाही.

पोळ्याच्या तोंडाशी बाहेर पडणाऱ्या कामकरी माश्या छोट्या बाटल्यांत पकडायच्या आणि बाटली बर्फात ठेवायची. माशीची हालचाल थांबली की लगेच काढायची. जास्त वेळ राहिली तर ती सावरत नाही आणि दिवसभर सुस्त राहते. मग तिला धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीत बसवून डोक्यामागून चिकटपट्टीची बारीक पट्टी लावायची. शृंगिका आणि मुखांगं पूर्ण मोकळी हवीत. पट्टी पुढे सरकून सोंडेच्या बुडाशी दाबली गेली तर माशी शिकूनही सोंड काढू शकत नाही, आणि वहीत ‘शिकली नाही’ अशी नोंद होते. आपल्याकडच्या सातेरी या देशी मधमाशीवरही ही पद्धत चालते, पण ती मेलिफेरा या युरोपीय जातीपेक्षा लहान असल्याने नळी बारीक घ्यावी लागते.

बसवल्यावर सुमारे ५ मायक्रोलिटर साखरपाणी पाजून दोन-तीन तास अंधाऱ्या, दमट जागी ठेवायचं. द्रावण वजनाने ५० टक्के, म्हणजे साखर आणि पाणी समसमान. भूक हीच इथली किल्ली. पोट भरलेली माशी साखरेलाही दाद देत नाही, फार उपाशी ठेवलेली मरते. प्रयोगाच्या पंधरा मिनिटं आधी साखरपाण्यात बुडवलेली काडी शृंगिकांना टेकवायची, पाजायची मात्र नाही. सोंड आली नाही ती माशी बाजूला.

आता प्रत्यक्ष फेरी. माशीवर स्वच्छ हवेचा संथ झोत सतत चालू हवा आणि तिच्यामागे हवा ओढून घेणारा पंखा. झोत आधीपासून नसेल तर माशी वास शिकते की वाऱ्याची झुळूक, ते कळत नाही. पंखा नसेल तर मागच्या फेरीचा वास तिथेच रेंगाळतो. माशीला जागेवर ठेवून पंधरा-वीस सेकंद स्थिरावू द्यायचं. मग १-हेक्झॅनॉल किंवा १-नोनॅनॉलसारखा वास ४ सेकंद. वास सुरू होऊन ३ सेकंद झाले की साखर, आधी शृंगिकांना आणि मग सोंडेला, तीही ३ सेकंद. म्हणजे दोन्हींची भेट फक्त एका सेकंदाची. पहिल्या ३ सेकंदांत सोंड उघड्या जबड्यांच्या रेषेपलीकडे आली तरच ती नोंद धरायची. पुढची फेरी १० मिनिटांनी. पहिल्याच फेरीत वासावर सोंड काढणारी माशी गणनेतून वगळायची.

सोबत दुसरा गट हवाच: तितकेच वास, तितकीच साखर, पण कधीच एकत्र नाही. साखरेने माशी नुसती उत्तेजित झाली तरी काही वेळ ती कशालाही सोंड काढते. दोन गटांतला फरक तेवढाच शिकण्याचा पुरावा. हा गट गाळणाऱ्यांचा आलेख कितीही सुबक असो, मी तो मानत नाही.

मेंदूत वास आणि साखर नेमके कुठे भेटतात, हे १९९३ साली मार्टिन हॅमर यांनी दाखवलं. वासाची माहिती शृंगिकांकडून शृंगिका-पिंडातल्या, म्हणजे मेंदूतल्या वासाच्या पहिल्या केंद्रातल्या, सुमारे १६० गोलिकांत (चेतातंतूंच्या गोल गुंडाळ्यांत) येते आणि तिथून छत्रपिंडाकडे, म्हणजे शिकण्या-आठवण्याच्या भागाकडे जाते. साखरेची बातमी मात्र व्हीयूएम-एमएक्स१ नावाची एकच पेशी नेते. तिचं शरीर अन्ननलिकेखालच्या चेतागुच्छात असून तिच्या फांद्या दोन्ही बाजूंचे शृंगिका-पिंड, पार्श्वशृंग (वासाची माहिती पोहोचणारा मेंदूचा आणखी एक भाग) आणि छत्रपिंडांचे पेले, म्हणजे त्यांची माहिती घेणारी वरची बाजू, इथवर पसरतात. हॅमरनी साखर दिलीच नाही. वासानंतर या पेशीत सूक्ष्म विद्युतअग्राने प्रवाह सोडला, आणि नंतर माशी त्या वासाला प्रतिसाद देऊ लागली. तोच प्रवाह वासाच्या आधी दिला तर काहीच शिकणं नाही. विशेष म्हणजे पेशी चेतवल्याने सोंड बाहेर येत नाही. ती बक्षिसाचा निरोप तेवढा देते. या निरोपाचं रसायन ऑक्टोपमाइन. १९९८ साली हॅमर आणि मेंझेल यांनी शृंगिका-पिंडात किंवा छत्रपिंडाच्या पेल्यात थेट ऑक्टोपमाइन सोडूनही तेच साधलं.

आता दहा मिनिटांचं कारण. एका फेरीची आठवण पहिली काही मिनिटं फार नाजूक असते. तेवढ्यात छत्रपिंड थंड सुईने गार केलं तर ती पुसली जाते. मध्ये अंतर ठेवून तीन फेऱ्या झाल्या की शृंगिका-पिंडातलं पीकेए हे विकर (पेशीतल्या क्रिया घडवणारं प्रथिन) बराच जास्त वेळ सक्रिय राहतं, आणि दिवसानुदिवस टिकणाऱ्या आठवणीची सुरुवात तिथून होते. त्याच तीन फेऱ्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने उरकल्या तर त्या दिवशीच्या आलेखात फारसं बिघडलेलं दिसत नाही. फरक तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतो. तीन दिवसांपुढच्या आठवणीला जनुकांवरून नव्याने आरएनए बनावा लागतो. तो रोखणारं ॲक्टिनोमायसिन-डी दिलं तर उशिराची आठवण घटते, एक दिवसाची शाबूत राहते. म्हणून चोवीस तासांनंतर थांबून ‘दीर्घकालीन स्मृती’ असं लिहू नये, ७२ तासांची चाचणी घ्यावी.

चाचणीत साखर नसते, त्यामुळे प्रत्येक चाचणी ही विसरवण्याचीही एक फेरी असते. तीच माशी तासाने, दिवसाने आणि तीन दिवसांनी तपासू नये. प्रत्येक वेळेसाठी वेगळा गट ठेवावा. शिकवलेल्या वासासोबत एक अनोळखी वासही द्यावा आणि क्रम निम्म्या माश्यांत उलटा करावा. शेवटी सगळ्यांना पुन्हा साखर लावून बघायची: जी साखरेलाही सोंड काढत नाही ती विसरलेली नसते, थकलेली असते, आणि तिचा आकडा काढून टाकायचा.

आलेख वाचताना एक सांभाळावं. गटाची टक्केवारी फेरीगणिक हळूहळू चढते, म्हणून एकेक माशीही हळूहळू शिकते असं वाटतं. बर्लिनच्या गटाने २०११ साली माश्या एकेकट्या तपासल्या तेव्हा चित्र निराळं निघालं. बहुतेक शिकणाऱ्या माश्या एका फेरीत एकदम बदलतात आणि पुढे तशाच राहतात, काही शेवटपर्यंत शिकतच नाहीत. तेव्हा सरासरीसोबत प्रत्येक माशीची हो-नाहीची ओळ जपून ठेवावी.