पन्हाळ्याचा पाऊस आणि तोड्याची बंदूक

कोल्हापुरात न्यू पॅलेसच्या संग्रहालयात गर्दी असते ती तलवारींपाशी. बंदुकांपुढून लोक न थांबता पुढे सरकतात. मी तिथंच रेंगाळलो. शिवकाळातल्या लढाया आपण ढाल-तलवारीवर उरकून टाकतो, हे मला फार दिवस खुपतंय.

तोड्याची, म्हणजे जळत्या दोरीच्या वातीनं पेटवायची बंदूक भरणं म्हणजे खटाटोपच. नळीत दारू ओतायची, वर गोळी, मग गजानं ठासायचं. नळीच्या बुडाला बारीक भोक, तो कान; कानाजवळच्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे बार पेटवायची बारीक दारू. चाप ओढला की पेचात धरलेला जळता तोडा रंजकावर टेकतो, कानातून ठिणगी आत जाते आणि बार उडतो. पुढं गारगोटीची चापाची बंदूक आली. सराईत शिपाई तिचे मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. पण नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नाही. म्हणून तर रांगा लावून एकदम फैर झाडायची कवायत. १७६१ला पानिपतावर मराठ्यांकडच्या इब्राहिमखानाच्या गारद्यांनी, म्हणजे कवायती बंदूकधारी पायदळानं, हेच केलं.

दुपारी एसटीनं पन्हाळा गाठला. तीन दरवाजापाशी धुकं इतकं, की समोरची कमान दिसेना. झुणका-भाकरीच्या टपरीत शिरलो, तर तिथले मामा ठासणीच्या बंदुकीवर बोलायला एका पायावर तयार. त्यांच्या गावात रानडुकरांपासून शेत राखायला असायची म्हणे.

"पावसात चालायची का हो, मामा?"

"कशाची चालतीय, पाव्हणं! दारू भिजली की नुसती काठी."

१६६०च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा इथंच होता. राजापूरच्या इंग्रजांच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन त्याच्या मदतीला आला होता. महाराज निसटले ते अशाच पावसाच्या रात्री. पाठलागावरच्यांचे तोडे किती पेटते राहिले असतील? घोडखिंडीत बाजीप्रभूंना अंगावर घ्यावी लागली ती मुख्यतः तलवार-भाल्यांची लढाई, आणि त्यात पावसाचा हात मोठा, असा माझा कयास. बाजींचं शौर्य त्यानं तसूभरही कमी होत नाही, उलट समोरासमोरचं ते झुंजणं जास्त अंगावर येतं.

रेव्हिंग्टनला मात्र ती तोफबाजी महागात पडली. १६६१ला महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि साहेबाला कैद करून नेलं.