कढीपत्त्यावरच्या अळीतून निघालं कोण?

ठाण्यात गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी असली की कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या आपोआप येतात. मी त्या डब्यात वाढवते. सगळ्यांची फुलपाखरं होत नाहीत, कधीकधी आतून भलतंच कोणीतरी बाहेर पडतं, म्हणजे अळीला किंवा कोषाला आतून खाऊन वाढलेली परजीवी माशी किंवा गांधीलमाशी. ते कोण, हे नुसत्या माशीच्या फोटोवरून जाणकारही धड सांगत नाहीत. कशातून निघाली, अळीतून की कोषातून, आणि मागे काय उरलं, एवढं नोंदवलं की निम्मं काम होतं. म्हणून प्रत्येक डब्यावर चिठ्ठी.

अळीला चिकटून तांदळाच्या कणीएवढे रेशमी कोश दिसले तर ती ब्रॅकोनिड कुळातली गांधीलमाशी असण्याचा संभव जास्त. (शेजारच्या काकू त्यांना अळीची अंडी समजून झाडून टाकायच्या.) डब्याच्या तळाशी लालसर तपकिरी, गुळगुळीत, दोन्ही टोकांना गोल असं काही (माशीचा कोष) पडलेलं असेल, तर टॅकिनिड माशी. ती दिसते घरमाशीसारखी, पण पोटावर राठ केस असतात. फुलपाखराच्या कोषाला गोल भोक आणि बाहेर जाड मांड्यांची काळी-पिवळी गांधीलमाशी, म्हणजे बहुधा ब्रॅकिमेरिया.

खरी कसोटी ब्रॅकोनिड आणि इक्न्यूमोनिड (परजीवी गांधीलमाश्यांचंच दुसरं कुळ) वेगळ्या करताना. मेलेली गांधीलमाशी अल्कोहोलमध्ये ठेवते, मग पुढचा पंख काचपट्टीवर पसरून यूएसबी मायक्रोस्कोपखाली बघते. पंखाच्या बाहेरच्या भागातली एक छोटी आडवी शीर इक्न्यूमोनिडमध्ये बहुतेक वेळा असते, ब्रॅकोनिडमध्ये जवळजवळ नसतेच. मिशांचे भाग मोजणं म्हणजे डोळ्यांची परीक्षाच, पण बरोबर १८ भरले तर ब्रॅकोनिडमधल्या मायक्रोगॅस्ट्रिनी उपकुळाकडे बोट दाखवता येतं. तिथेच मी थांबते. फोटोवरून प्रजातीचं नाव ठोकून देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

अळ्या वाचवायच्या असतील तर डब्यावर बारीक जाळी लावावी, आणि ती अळी कोषात जायच्या आधी. टेरोमॅलस नावाची इवलीशी गांधीलमाशी नुकत्याच झालेल्या, अजून मऊ असलेल्या कोषात अंडी घालते. काही टॅकिनिड माश्या मात्र पानावरच बारीक अंडी टाकून जातात आणि अळी ती पानाबरोबर खाते. त्यांच्यापुढे जाळीचा काही उपयोग नाही.